सहा पडदे, एक स्कॅनर आणि मी ‘विदाउट’

खुर्च्या चांगल्या आहेत. एसी एवढा की पातळ स्वेटर जवळ ठेवावा. आवाज स्वच्छ, संवाद कळतात, पडद्यावर कुठे डाग नाही. दुपारी दोनच्या सुमारास संडास कोरडे होते. हे मुद्दाम लिहितोय, कारण थिएटर कसं चाललंय ते संडासात गेल्यावर लगेच कळतं. दोन सामोशांचे १८० रुपये घेतले, पण गरम दिले. एवढ्यावर पाचपैकी चार तारे द्यायला माझी काही हरकत नव्हती. देतोय अडीच. कापलेला दीड तारा लॉबीचा आणि एका दाराचा.

ठाण्याच्या पुढे, मध्य रेल्वेवर राहतो. स्टेशनवरून रिक्षाने पंधरा मिनिटांवर मॉल आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर हे सहा पडद्यांचं मल्टिप्लेक्स. नाव लिहीत नाही. तिथली पोरं दहा-दहा तास उभी असतात, माझ्यामुळे कुणाच्या पोटावर पाय यायला नको.

आता लॉबीबद्दल मला एवढं काय पडलंय, ते सांगतो. १९८२ ते २००८, सव्वीस वर्षं मी मुंबईत थिएटरला डोअरकीपर होतो. आमचं थिएटर जोडीचं. त्या काळी मुंबईला जोडनावांची हौसच होती. ताडदेवला गंगा-जमुना, वरळीला सत्यम-सचिनम-सुंदरम, माहीमच्या बाजूला बादल-बिजली-बरखा, अंधेरीला अंबर-ऑस्कर-मायनर, वांद्र्याला गेटी-गॅलेक्सी. देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स १९९७ साली दिल्लीत साकेतला झालं, चार पडद्यांचं, असं सांगतात. असेल बुवा. पण एका आवारात दोन-तीन पिक्चर आणि त्यांचं पब्लिक एकमेकांत मिसळू न देणं, हे काम आमचे हात त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. आणि जिथे एका छपराखाली दोन पिक्चर, तिथे एका तिकिटात दोन्ही बघणारा असतोच. अशाला आम्ही ‘उड्या’ म्हणायचो. ‘आज बाल्कनीत दोन उड्या सापडले’, असं.

तर त्या बुधवारी सूनबाईंनी मोबाइलवर तिकीट काढून दिलं. दोन चाळीसचा खेळ, मराठी पिक्चर, ऑडी ४, म्हणजे चार नंबरचा हॉल, आणि खुर्ची जी-९. आमच्या हिचे गुडघे, त्यामुळे एकटाच गेलो. सवयीने अर्धा तास आधी पोचलो. पॅसेजच्या तोंडाशी एक मुलगा हातात स्कॅनर घेऊन उभा. मोबाइलवरचा तो काळा चौकोन त्याने टिपला, टुं झालं, आणि मान वर न करता म्हणाला, “राइटला, अंकल.”

सहा पडद्यांची तपासणी ती एवढीच. त्या टुंच्या पुढे सगळं रान मोकळं. सहाही हॉलची दारं, संडास, पाण्याचा कूलर, सगळं आत. ऑडीच्या दारावर कुणी नाही. आम्हाला एका पडद्याला दारं चार आणि माणसं चार होती. आता तेवढा पगार कोण देणार, हे मलाही कळतं.

हॉल अजून उघडला नव्हता म्हणून संडासासमोरच्या बाकावर टेकलो. दोन पंधराच्या सुमारास तीन नंबरचा खेळ सुटला. पब्लिक बाहेर पडून त्याच पॅसेजमधून लॉबीकडे निघालं. त्यातली तीन कॉलेजची पोरं मात्र लॉबीकडे न जाता संडासात शिरली. शिरेनात का. पण पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. मी घड्याळाकडे बघायला लागलो. विसाव्या मिनिटाला एकेक करून आली. पहिल्याच्या हातात पॉपकॉर्नचा मोठा डबा, दुसऱ्याच्या हातात कोल्ड्रिंकचे दोन पेले. डबा ज्या हलक्या हाताने धरला होता त्यावरून तो रिकामा होता हे मी पैजेवर सांगितलं असतं. चाल अशी, जणू हॉलमधून खायला आणायला बाहेर गेले होते आणि आता आपल्या जागेवर परत चाललेत.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या वेळी हेच गोल्ड स्पॉटच्या बाटल्यांवर चालायचं. मध्यंतरात दोन हातांत दोन बाटल्या आणि दातांत वेफर्सची पुडी धरून माणूस दारावर यायचा. तिकीट मागितलं की डोळ्यांनी खिशाकडे खूण करायचा. आता त्याच्या शर्टाच्या खिशात हात कोण घालणार? नवीन डोअरकीपर सोडून द्यायचा. जुना म्हणायचा, “द्या, बाटल्या मी धरतो.” मग खिशातून निघायची बसची तिकिटं.

दुसरी तऱ्हा उलटं चालायची. खेळ सुटून पब्लिक लोंढ्याने बाहेर पडत असताना हा लोंढ्यात तोंड बाहेर आणि पाय आत, असा पाठीमागे सरकत सरकत जायचा. लांबून बघणाऱ्याला वाटणार, हाही बाहेरच येतोय. तिसरी तऱ्हा जमिनीवर पडलेल्या अर्ध्यांची. तिकिटाचा एक तुकडा बुकात राहायचा, एक आम्ही फाडून पेटीत टाकायचो, उरलेली अर्धी पब्लिककडे. मध्यंतरात पानाच्या गादीवर गेलेला माणूस ती अर्धी दाखवून परत आत यायचा. उड्या लोक फुटपाथवरच्या अर्ध्या गोळा करायचे. त्यावर उपाय म्हणून मी फाड ठरवून ठेवली होती. डावीकडून वर ओढायची आणि शेवटी मांजराच्या कानासारखं टोक ठेवायचं. सहाच्या खेळाला कान वर, नऊच्या खेळाला कान खाली. माझ्या दारावर दुसऱ्याची फाड आली की बोटांनाच कळायचं, बघावंसुद्धा लागायचं नाही.

एवढा कडकपणा कशासाठी, तर करमणूक करासाठी. प्रत्येक तिकिटात सरकारचा वाटा. इन्स्पेक्टर कधीही यायचा, चालू खेळात डोकी मोजायचा आणि आकडा डीसीआरशी, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याच्या हिशेबाशी, ताडून बघायचा. डोकी जास्त आणि तिकिटं कमी निघाली की मालक गोत्यात आणि त्याच्या खाली आम्ही. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा तो कर त्यात गेला. आता डोकी मोजायला कोण येतं? बुधवारी दुपारी दीडशे खुर्च्यांत बावीस माणसं. त्यात तीन फुकट बसली तर मॅनेजरच्या झोपेत काही फरक पडत नसणार.

मी त्या पोरांना काही बोललो नाही. ड्यूटीवर नव्हतो. हात शिवशिवले, हे कबूल.

दोन पस्तीसला उठलो. ‘राइटला’ निघालो. उजवीकडे वळताच माणसापेक्षा उंच पुठ्ठ्याचा हिरो उभा, येणाऱ्या पिक्चरचा. त्याच्या उगारलेल्या हाताच्या मागे भिंतीवर बाणांची पाटी आहे, एक ते तीन इकडे, चार ते सहा तिकडे. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसला तो फक्त हिरोचा हात, आणि तो डावीकडे दाखवत होता.

पुढे दारं. सगळी काळी, सगळी सारखी, सगळ्यांना एकच चकचकीत दांडी. प्रत्येक दारावर एक टीव्ही. त्यावर ऑडीचा आकडा आणि पिक्चरचं नाव येतं, अशी व्यवस्था. मी गेलो तेव्हा त्यावर नाचोज होते. थांबलो. नाचोज गेले, पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकची जोडी आली. थांबलो. ती गेली, कुठल्याशा मोबाइलची जाहिरात आली. मागून एक जोडपं आलं. “काका, जाताय ना?” दारात अडवून उभं राहणं बरं दिसेना. गेलो आत.

जी रांग, नऊ नंबर. रिकामी होती, बसलो. आता यात मेख अशी की जी-९ सहाही हॉलमध्ये असते. जाहिराती सहाही हॉलमध्ये त्याच. अंधार तोच, गारठाही तोच. आपण कुठे बसलोय हे तुम्हाला पहिल्यांदा सांगणार कोण, तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट. ते पडद्यावर आलं, मी चष्मा सारखा करून वाचलं, तर पिक्चर हिंदी, नाव भलतंच, आणि लांबी माझ्या अंदाजापेक्षा पाऊण तास जास्त. अरे देवा म्हणून पिशवी उचलतोय, तोच रांगेच्या टोकाला नवरा-बायको आणि दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. “एक्सक्यूज मी, हे आमचे नंबर आहेत.”

“उठतच होतो,” मी म्हणालो.

सव्वीस वर्षं मी हे वाक्य ऐकलंय. पकडलेला प्रत्येक जण उठतच असतो.

नवऱ्याने हात वर केला, तसा एक मुलगा मोबाइलचा दिवा लावून धावत आला आणि दिवा थेट माझ्या तोंडावर. हे मॅनेजरने वाचावं म्हणून लिहितो: उजेड पायाशी मारायचा असतो. तोंडावर मारलात की त्या माणसाला पुढची दोन मिनिटं पायरी दिसत नाही, आणि माणूस माझ्या वयाचा असला तर तुमच्याकडे अँब्युलन्स लागते. पोराने माझ्या मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि वॉकीटॉकीवर बोलला, “मॅडम, टूमध्ये एक अंकल विदाउट आहेत.”

विदाउट! लोकलमध्ये टीसीने धरलेल्याला म्हणतात तसं. माझं आयुष्य गेलं लोकांना हा शब्द ऐकवण्यात. आख्ख्या हॉलने मान वळवली. सगळ्यात पुढच्या रांगेतून खीः करून आवाज आला. बघतो तर ती तीन पोरं. रिकामा डबा मांडीवर घेऊन आरामात पाय पसरलेले.

बाहेर सुपरवायझर मुलगी उभी होती, काळा ब्लेझर घातलेली, आमच्या सुनेपेक्षाही लहान. ती नीट बोलली, हे तिच्या बाजूने सांगतो. “सर, एका तिकिटावर एकच मूव्ही अलाउड आहे,” म्हणत भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी अशी:

‘प्रिय अतिथी, अनधिकृत पडदा बदल आढळल्यास कठोर कारवाई करण्यात येईल.’

अनधिकृत पडदा बदल. घरच्या पडद्यांना धुवायला टाकण्याबद्दल असावं असं वाटलं. एवढी सुबक पाटी, सोनेरी चौकट, खाली इंग्रजीतही तेच, आणि मराठी वाचून एका माणसाला काही कळेल तर शपथ. दुकानं-आस्थापनांवर मराठी पाटी ठळक हवी हा नियम २०२२ मध्ये कडक झाला, तेव्हा मला आनंद झाला होता. पण अक्षराचा आकार कायद्याने वाढवता येतो, पुढचं आपल्यालाच बघावं लागतं. आमच्याकडे रंगाऱ्याने रंगवलेली पाटी होती: ‘ज्या खेळाचे तिकीट, त्याच खेळाला प्रवेश.’ सहा शब्द. शाळा सोडलेल्या पोरालाही समजायची.

मुलीने माझं तिकीट तपासलं, दोन दहाला आत आल्याची नोंद मिळाली, आणि ती खरोखर ओशाळली. स्वतः मला चार नंबरपर्यंत सोडायला आली. तोवर तिथे पिक्चरची दहा-बारा मिनिटं होऊन गेली होती. आपल्या मराठी कौटुंबिक पिक्चरमध्ये पहिल्या दहा मिनिटांत कोण कुणाची वहिनी ते सांगून होतं. मध्यंतरापर्यंत मी वाड्यातल्या एका बाईला सासू समजत होतो, ती आत्या निघाली.

खेळ सुटल्यावर मी त्या मुलीला शोधलं आणि म्हटलं, “बाळा, पाच मिनिटं दे.” तिला घेऊन दोन नंबरच्या दारासमोर उभा राहिलो आणि हातातलं घड्याळ काढलं. दहा सेकंद पिक्चरचं नाव आणि आकडा. मग दहा सेकंद नाचोज, दहा सेकंद जोडी, दहा सेकंद मोबाइल. परत नाव. तीन वेळा मोजलं. चाळीस सेकंदांतली तीस सेकंदं ते दार मुकं असतं. ती म्हणाली, “सर, हे सगळं वरून येतं, आम्हाला बदलता येत नाही.” येत नसेल. मग टीव्हीच्या खाली एक आकडा चिकटवा, तो कुठे वरून यायचाय?

आमच्याकडे दोन हॉल होते. एकाची तिकिटं लाल आणि त्याच्या दारावरचा पडदा लाल. दुसऱ्याची निळी आणि पडदा निळा. संपली व्यवस्था. गिरणीतून सुटून आलेला, अक्षरओळख नसलेला माणूसही कधी चुकला नाही. चुकलाच तर मी नुसतं बोट करायचो, तो हसून वळायचा. आणि यातली गंमत सुपरवायझर मुलीला मी समजावली ती अशी. रंग इतका उघड असल्यावर लाल तिकीट घेऊन निळ्या दारात सापडलेल्या उड्याला ‘चुकलो’ म्हणायला तोंडच राहायचं नाही. त्याची मान आपोआप खाली. आता तुमच्याकडे सगळेच चुकू शकतात. म्हणजे ती तीन पोरं धरलीत तर तीही म्हणणार, “मॅम, टीव्हीवर नाव नव्हतं.” आणि खरंच नव्हतं! तुम्ही त्यांना पुरावा तयार करून ठेवलाय. फसतो तो माझ्यासारखा, कारण त्याला लपायची सवय नाही.

ती मान डोलवत होती. पोरांचं मी तिला तेव्हाही सांगितलं नाही. का नाही, ते घरी येऊन हिला सांगितलं, तर ती म्हणाली, “तुम्ही त्यांच्यातलेच आता, विदाउट.”

आता दीड ताऱ्यातला एक आख्खा तारा ज्याचा कापला ते. यात विनोद नाही.

चार नंबरमधून मी सवयीने पडद्याजवळच्या बाहेरच्या दाराने निघायला गेलो. वर ‘निर्गमन’ असा हिरवा दिवा जळतोय आणि दाराच्या दोन्ही मुठी नायलॉनच्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या. तीन पीळ, वर गाठ. मी तिथल्या पोराला विचारलं, हे काय? म्हणाला, “अंकल, पब्लिक इथून फ्रेंड लोकांना आत घेते.”

घेत असेल. घेतेच. एक जण तिकीट काढतो, दिवे गेले की मागचं दार आतून उघडतो आणि चार जण मांजरासारखे येतात. आमच्या वेळीही यायचे. पण १३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार थिएटरला आग लागली. खालच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे. धूर वर हॉलमध्ये चढला. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाट बंद केलेली, दार कडी घातलेलं. ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. पिक्चर बघायला आलेली घरंच्या घरं. ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरने आम्हा सगळ्यांना सकाळी नऊला बोलावलं आणि प्रत्येक दार आम्हाला आतून ढकलून उघडायला लावलं. बाल्कनीचं एक दार गंजलेलं, ते उघडेना. मॅनेजर तिथेच पायरीवर बसला. दुपारपर्यंत सुतार आणि लोहार दोन्ही आले. त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत खेळ सुरू व्हायच्या आधी चारही दारांना हात लावायचा, हे माझं कामच झालं. लोक देवाला हात जोडतात तसं.

चार फुकटे आत आले तर तुमचे हजार रुपये बुडतात. त्यासाठी दीडशे माणसांचं दार बांधायचं? याला साधा उपाय आहे आणि तो आता सगळीकडे मिळतो. दाराला आतून आडवा दांडा. नुसत्या अंगाच्या रेट्याने उघडतो, बाहेरून उघडत नाही, आणि उघडला की घंटा वाजते. घंटा वाजली की पोरगा धावतो, चार मांजरं सापडतात. तोही खर्च नको असेल तर बाहेर स्टूल टाकून एक माणूस बसवा. पण दोरी नको. हे मी सुपरवायझरला सांगितलं, मॅनेजरला भेटून सांगितलं आणि घरी येऊन ई-मेलनेही लिहिलं. ई-मेल नातवाने पाठवला, पण मजकूर माझा. त्यात शेवटी लिहिलं की तीन आठवड्यांनी येऊन बघेन, आणि दोरी दिसली तर अग्निशमनवाल्यांकडे जाईन.

बाकी पाट्यांचं थोडक्यात. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग केलं तर तीन महिने ते तीन वर्षं कैद, ही पाटी मोठी, स्वच्छ आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आहे. म्हणजे यांना पाटी लावता येते. वयाचीही चांगली आहे: यूए, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचं सर्टिफिकेट, आता ७, १३ आणि १६ वर्षं असं विभागलंय, ते चित्रांसह समजावलंय, आणि तिकीट खिडकीवरच लावलंय, म्हणजे पैसे देण्याआधी कळतं. बाहेरचं खाणं आणू नका, ही पाटी पाच ठिकाणी. पिण्याचं पाणी फुकट, ही एकाही ठिकाणी नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवायची मुभा दिली, पण पाणी फुकट ठेवलंच पाहिजे, हेही त्यातच सांगितलंय. पाण्याचा कूलर आहे, संडासाच्या पुढच्या कोनाड्यात. पाणी गार आणि चांगलं. बाटली न्या, भरून घ्या.

भाचा न्यू जर्सीत असतो, त्याला फोनवर हे सगळं ऐकवलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, मामा, इकडे शिकत असताना आम्ही शनिवारी सकाळी एक तिकीट काढून संध्याकाळी बाहेर यायचो. तिकडे तेव्हा तिकीट लॉबीत एकदा बघायचे, आत खुर्चीला नंबर नव्हता, आणि मध्यंतर तर नाहीच. एकातून उठायचं, दुसऱ्यात बसायचं. आता तिकडेही बऱ्याच ठिकाणी खुर्च्यांना नंबर आल्यामुळे ते अवघड झालंय, असं त्याचं म्हणणं. माझा सख्खा भाचा उड्या निघाला, आणि ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

तीन आठवड्यांनी, बुधवारीच, परत गेलो. या वेळी हिलाही घेऊन. गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे, मॉलच्या मागच्या दाराकडून जा, पुढून गेलात तर आख्खं दुकानदालन पायी ओलांडावं लागतं.

आधी चार नंबरचं मागचं दार बघितलं. दोरी नाही. मुठीवर तिचे घासल्याचे पट्टे होते, पण दोरी नाही. ढकललं, उघडलं. बाहेर जिन्यावर स्टूल आणि स्टुलावर एक मुलगा मोबाइल बघत बसलेला. मला बघून दचकून उठला. घंटा नाही, पण माणूस आहे. चालेल.

हिरोला उचलून खिडकीपाशी नेलंय, त्यामुळे बाणांची पाटी आता दिसते. दारावरच्या टीव्हीवर नाचोज अजून येतात. मात्र प्रत्येक टीव्हीखाली, दाराच्या चौकटीवर, साध्या पांढऱ्या कागदावर हातभर मोठा आकडा छापून चिकटवलाय. चारचा कागद जरा तिरका लागलाय आणि त्याचा एक कोपरा सुटलाय. सुपरवायझर मुलगी लांबून दिसली, तिने हात केला. ‘अनधिकृत पडदा बदल’ सोनेरी चौकटीत आहे तसाच आहे.

तर अडीचाचे साडेतीन करतो. उरलेला अर्धा तारा टीव्हीवरून नाचोज उतरल्यावर.

हिला घेऊन चार नंबरच्या दारात शिरत होतो, तेवढ्यात समोरून संडासातून तेच तिघे निघाले. डबा घेतलेल्याने मला ओळखलं. जरा थबकला, दारावरचा आकडा बघितला, मग माझ्याकडे बघून अगदी काळजीने विचारलं, “काका, आज बरोबर आलात ना?”